व्यासकाशीची नाव

काशीक्षेत्रात पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला दूधविनायक या नावाचा मोहल्ला आहे. श्रीगणेशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वस्तीत आणि तिच्या आसपासच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. दुर्गाघाट व ब्रह्माघाट हे अठराव्या शतकात, पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकर यांच्या प्रयत्नाने बांधले गेले. पंचगंगेवरील श्रीबिंदुमाधवाचे आजचे देवालय औंधच्या पंतप्रतिनिधींच्या औदार्याने उभे राहिले. श्रीविश्वेश्वराचे मंदिर पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १७८० साली पुन्हा बांधविले. त्यामुळे महाराष्ट्रातील गृहस्थ दूधविनायकाच्या अरुंद बोळांतून गंगेकडे उतरू लागला, की आपण परमुलखात आलो आहोत असे त्याला फारसे वाटत नाही.

असा गृहस्थ काशीत आला म्हणजे त्याचा क्रम ठरलेला असतो. गंगास्नान, विश्वेश्वर व अन्नपूर्णा यांचे दर्शन, कालभैरवाला नमस्कार आणि बिंदुमाधवाची पूजा एवढे झाले, की सवड असल्यास तो पंचतीर्थीची यात्रा करतो. असी, दशाश्वमेध, वरणासंगमावरील आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका या पाच ठिकाणी क्रमाने स्नान करावयाचे असल्यामुळे पुष्कळ लोक ही यात्रा नावेनेच करतात. नंतर गंगाजलाचा गडू सांभाळीत तो घरी परततो. पलीकडच्या तीराचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. तिच्या पश्चिम तीरावर घाटांची आणि देवालयांची अखंड ओळ लागलेली, तर समोरच्या तीरावर नुसती वाळू पसरलेली. इकडे देह पडला तर मुक्ती आणि तिकडे पडला तर गर्दभयोनी, अशी लोकांत समजूतही आहे. मग पुण्य जोडावयास आलेल्या माणसाने तिकडे कशासाठी जावे?

तरीही त्या तीरावर एक दर्शन आहे, आणि गीता वाचणाऱ्या गृहस्थाने ते चुकवू नये. प्रवाहाच्या उलट दिशेने, दक्षिणेकडे नाव चालविली, की सर्व घाट मागे टाकून उजव्या तीरावरचे रामनगर येते. चुनारच्या दगडाचा येथील किल्ला काशीनरेश बलवंतसिंह यांनी १७५० च्या सुमारास बांधला. याच किल्ल्यात गंगेच्या अंगाला भगवान वेदव्यासांचे देवालय आहे. म्हणून या स्थानाला व्यासकाशी म्हणतात. माघ महिन्यात काशीवासी भाविक व्यासदर्शनासाठी गंगा ओलांडून तेथे जातात.

रामनगर आणि काशी यांच्यामध्ये पुष्कळ काळ नाव हाच दुवा होता. उन्हाळ्या-हिवाळ्यात पाणी ओसरले म्हणजे पिंपांवर फळ्या टाकून तरंगता पूल बांधीत, आणि पावसाळ्यात पाणी चढू लागले की तो काढून घेऊन पुन्हा नावा सुरू करीत. रामनगरची सुप्रसिद्ध रामलीला अनंत चतुर्दशीपासून एकतीस दिवस चालते. त्या दिवसांत गंगा भरलेली असे, आणि हजारो प्रेक्षक नावांतून ये-जा करीत. राजघाटाजवळचा लोहमार्गाचा पूल १८८७ साली झाला, तर सामनेघाटाहून रामनगरला नेणारा पक्का पूल २०१७ साली वाहतुकीस खुला झाला. आता कामधंद्याच्या माणसाला नावेची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. परंतु यात्रिकाला कारण आहे. पुलावरून जाणारा पाच-दहा मिनिटांत पलीकडे पोहोचतो. नावेतून जाणाऱ्याला गंगेच्या कुशीत घटकाभर स्वस्थ बसावे लागते, आणि त्या घटकाभरात मनात काय चालले आहे हे त्याचे त्याला दिसू लागते.

भगवान व्यास काशी सोडून त्या तीरावर का राहिले, याची कथा स्कंदपुराणातील काशीखंडात आली आहे. व्यास शिष्यांसह काशीत राहत होते आणि माध्यान्हकाळी भिक्षेला निघत. त्यांची परीक्षा पाहावी असे श्रीशंकरांच्या मनात आले. एके दिवशी व्यास दारोदार हिंडले, पण भिक्षा मिळाली नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. ज्या नगरीत अन्नपूर्णा राहते तेथे ब्राह्मणाने आणि त्याच्या शिष्यांनी उपाशी राहावे, हे त्यांना सहन झाले नाही. क्रोध अनावर होऊन त्यांनी शाप दिला, की काशीतील लोकांची विद्या, धन आणि मुक्ती तीन पिढ्यांपलीकडे टिकू नये. शाप देऊन ते परतत असता एका घराच्या दारात उभ्या असलेल्या गृहिणीने त्यांना हाक मारली. आपले यजमान अतिथीवाचून जेवत नाहीत, तरी सर्वांनी आत यावे, अशी तिने विनंती केली. तिने व्यासांना व सर्व शिष्यांना तृप्त होईपर्यंत जेवू घातले, आणि मग तीर्थात राहणाऱ्याचा धर्म कोणता, असे त्यांना विचारले. त्या घरचा वृद्ध यजमानही पुढे आला. आपल्या दैवात नाही म्हणून न मिळालेल्या वस्तूसाठी दुसऱ्यांना शाप देणारा दोषी कोण, असा त्याचा प्रश्न होता. व्यासांना उत्तर देता येईना. ती गृहिणी साक्षात जगदंबा होती आणि तो यजमान विश्वेश्वर होता. क्रोध आवरत नाही त्याला या नगरीत राहता येणार नाही, अशी आज्ञा झाली. व्यासांनी क्षमा मागितली तेव्हा अष्टमी आणि चतुर्दशी या तिथींना नगरीत येण्याची मोकळीक त्यांना मिळाली. तेव्हापासून ते गंगेच्या पूर्व तीरावर राहून रात्रंदिवस काशीकडे डोळे लावून बसले आहेत, असे पुराण सांगते.

या कथेने व्यासांचे थोरपण उणे होत नाही. श्रीभगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना प्रवाहांमध्ये गंगा ही आपली विभूती म्हटली आहे, आणि त्याच अध्यायात पुढे मुनींमध्ये व्यास ही आपली विभूती म्हणून सांगितली आहे. एवढ्या अधिकाराच्या पुरुषाची कथा पुराणाने अशी सांगितली, ती सामान्य माणसाचे डोळे उघडावे म्हणून. व्यासांचे ज्ञान कमी नव्हते आणि तपही कमी नव्हते. त्यांचे मागणेही अन्यायाचे नव्हते, कारण भूक खरी होती. तरीसुद्धा एका क्षणाच्या क्रोधाने त्यांचा काशीवास गेला. मग ज्याच्यापाशी ना ते ज्ञान ना ते तप, आणि ज्याचा क्रोध दोन दिवसांच्या उपवासाने नव्हे तर चहा थंड झाल्यानेही भडकतो, त्या गृहस्थाने आपला काशीवास कशाच्या बळावर टिकेल असे समजावे?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीभगवंतांनी माणसाच्या अधःपाताची साखळी कडी-कडीने उलगडून दाखविली आहे. विषयाचे चिंतन करता करता त्याची आसक्ती जडते. आसक्तीतून इच्छा उपजते. इच्छेच्या आड काही आले की क्रोध येतो. क्रोधाने भले-बुरे कळेनासे होते, मग काय शिकलो आणि कोणाला काय वचन दिले त्याची आठवण जाते, शेवटी बुद्धी नष्ट होते, आणि बुद्धीबरोबर माणूसही. सोळाव्या अध्यायात काम आणि लोभ यांच्या जोडीला क्रोधाला बसवून या तिघांना नरकाची दारे म्हटले आहे. काशीखंडातील कथेत हीच शिकवण एका दुपारच्या घटनेच्या रूपाने आली आहे, आणि तेथे क्रोधाचा विटाळ धुवावयास कोण आले, तर भरल्या घरातील एक गृहिणी. तिने प्रथम जेवू घातले आणि प्रश्न मागाहून विचारला. घराघरांत हा क्रम पाळला गेला तर किती कलह उंबरठ्याशीच मिटतील!

व्यासांचे आणि नावेचे नाते मात्र याहूनही जुने आहे. महाभारताच्या आदिपर्वात सांगितले आहे, की दाशराजाच्या घरी वाढलेली सत्यवती पित्याच्या सेवेसाठी यमुनेवर नाव चालवीत असे आणि उतारूंना पैलतीरी पोहोचवीत असे. तिच्या नावेत पराशर मुनी येऊन बसले, आणि पुढे यमुनेच्या द्वीपावर व्यासांचा जन्म झाला. म्हणून त्यांचे एक नाव द्वैपायन. ज्या ग्रंथात गीता आली तो ग्रंथ रचणारा महापुरुष नाव वल्हवणाऱ्या मातेच्या पोटी आला, ही गोष्ट गीतेच्या वाचकाने नेहमी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या तीरावर त्यांचे स्थान आहे तेथे जावयासही नाव लागावी, आणि ती निषादाने वल्हवावी, हा योग विलक्षण खरा.

आपल्या भाषेने तर हे सर्व शब्दांतच साठवून ठेवले आहे. तरणे म्हणजे पार होणे. ज्या ठिकाणी पार होता येते ते तीर्थ. पार करतो तो तारक. भाविकांच्या श्रद्धेप्रमाणे काशीत देह ठेवणाऱ्याच्या कानात श्रीशंकर जो मंत्र सांगतात त्यालाही तारक मंत्रच म्हणतात. कोकणात खाडी ओलांडणाऱ्या नावेला तर म्हणतात, आणि तीत बसणाऱ्याला मराठीत उतारू हा शब्द आहे. उतारू म्हणजे उतरून जाणारा. नावेत बसला तरी तो नावेचा नव्हे. पलीकडे उतरण्यासाठीच तो बसला आहे. गृहस्थाने घरात याच भावनेने राहावे. घर सांभाळावे, डागडुजी करावी, पाणी शिरू देऊ नये, सोबतच्या माणसांना धीर द्यावा. पण ही नाव आपल्या मालकीची आहे असे समजून तीत खुंट ठोकून बसू नये.

येथे एक दृष्टांत घेण्यासारखा आहे. अशी कल्पना करावी, की दोन सख्खे भाऊ आईच्या अस्थी घेऊन काशीस आले आहेत. वाटण्यांच्या वेळी शेताच्या बांधावरून त्यांच्यात वाकडे आले, कज्जा झाला, आणि पुढे बोलणेही थांबले. आई होती तोवर ती दोघांकडे जाई आणि एकाचे क्षेमकुशल दुसऱ्याला सांगे. आपल्या अस्थी दोघांनी मिळून गंगेत सोडाव्या, एवढीच तिची शेवटची इच्छा. ती मोडण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही, म्हणून दोघे आले खरे, परंतु वेगवेगळ्या डब्यांत बसून आले. दुर्गाघाटावर दोघे एकाच नावेत चढले आणि एकमेकांचे तोंड पाहावे लागू नये म्हणून एकाच अंगाला, पाठ करून बसले. नाव कलली. नावाडी म्हणाला, “बाबूजी, दोघेही एकाच बाजूला बसू नका. एकाने इकडे, एकाने तिकडे, असे समोरासमोर बसा. नाहीतर नाव चालायची नाही.”

नावाड्याला त्यांच्या घरची कथा ठाऊक नव्हती. त्याला नाव ठाऊक होती. तरी त्याच्या तोंडून निघाले ते शास्त्रच निघाले. संसाराच्या नावेत दोघे दोन बाजूंना बसणारच. मते निराळी, स्वभाव निराळे, वाटेही निराळे. त्याने नाव बुडत नाही, उलट तोल सांभाळला जातो. नाव बुडते ती एकमेकांकडे पाठ फिरवल्याने.

आता त्या दोन भावांनी मंत्रपूर्वक अस्थी सोडल्या, पिंडदान केले, ब्राह्मणांना दक्षिणा दिली आणि घाटावर उतरून पुन्हा दोन वाटांनी निघून गेले, तर त्या मातेला कोणती गती मिळाली हे शास्त्रज्ञांनी सांगावे; परंतु त्या दोघांना काशी मिळाली नाही हे सांगावयास शास्त्र लागत नाही. त्यांनी गंगा पाहिली, पण ते पार झाले नाहीत. याउलट त्यांच्यातील एकाने, मग तो थोरला असो वा धाकटा, स्वतःचा हक्क कितीही खरा असला तरी, पहिला शब्द आपण उच्चारला, “दादा, आईचे झाले, आता तुझे-माझे काय ते बोलू,” एवढेच म्हटले, तर तेथेच तीर्थ झाले. बांधाचा निवाडा पुढे पंचांनी करावा, नाहीतर न्यायालयाने करावा. व्यवहार सोडावा असे गीता सांगत नाही. अर्जुनाला तिने त्याचा हक्क सोडून देण्यास सांगितले नाही. तिने सोडावयास सांगितला तो द्वेष. हक्कासाठी झगडतानाही ज्याचे अंतःकरण सर्व भूतांच्या ठायी वैररहित राहते तो आपल्यापाशी पोहोचतो, असे श्रीभगवंतांनी अकराव्या अध्यायाच्या अखेरीस आश्वासन दिले आहे. वैर ठेवून पोहोचण्याची वाट मात्र गीतेत कोठेही नाही.

गीतेत नावेची उपमा आणि तारून नेण्याची भाषा कोठे कोठे आली आहे हे पाहिले, म्हणजे या विषयाचा उलगडा होतो.

पहिले स्थळ दुसऱ्या अध्यायात आहे. भटकणाऱ्या इंद्रियांच्या मागे मन गेले, की ते बुद्धीला ओढून नेते, जसा वारा पाण्यावरच्या नावेला भलतीकडे नेतो. या उपमेतली खुबी अशी, की त्या नावेला भोक पडलेले नाही. ती मजबूत आहे, तीत माल भरलेला आहे, उतारू बसलेले आहेत. उणीव एवढीच की वल्हे कोणाच्या हातात नाही. पुष्कळ सुशिक्षित, सुस्थित गृहस्थांची अवस्था हीच असते. घर आहे, मिळकत आहे, पोथ्याही आहेत. परंतु सकाळी एक शब्द कानावर पडला, की दिवसभर नाव त्या शब्दाच्या वाऱ्याने वाहवत जाते.

दुसरे स्थळ चौथ्या अध्यायात आहे. तेथे ज्ञानाला नाव म्हटले आहे, आणि पापी लोकांतला अत्यंत पापी माणूसही या नावेने सर्व पापांच्या पार जाईल, असा निर्वाळा दिला आहे. पश्चात्तापाने पोळलेल्या गृहस्थाला याहून मोठा दिलासा कोणता? आपल्या हातून आईबापांची हेळसांड झाली, भावाला दुखविले, बायकोमुलांवर नको तेवढा राग काढला, आता आपल्याला गती कोठली, असे म्हणून कोणी खचून जाऊ नये. नाव घाटाला लागलेली आहे. मात्र तिकडे पाहत उभे राहून कोणी पार होत नाही. तीत पाय ठेवावा लागतो, आणि एक पाय नावेत व एक पायरीवर असा उभा राहणारा मधल्या पाण्यात पडतो.

तिसरे स्थळ बाराव्या अध्यायातले आहे. येथे नावेचे नाव घेतलेले नाही, परंतु नावाडी स्वतः पुढे आला आहे. जे आपली सर्व कर्मे मला अर्पण करून अनन्यभावाने माझी उपासना करतात, त्यांना या मृत्यूने भरलेल्या संसारसागरातून मी स्वतः वर काढतो, आणि त्याला उशीर लावीत नाही, असे तेथे श्रीभगवंतांचे वचन आहे. ज्याला ज्ञानाची नाव चालविता येत नाही, वारा आवरता आवरत नाही, त्याने निदान नावाड्याच्या स्वाधीन व्हावे. उतारूने नाव कशी चालते हे जाणले नाही तरी चालते. त्याने नावाड्याचे ऐकले पाहिजे आणि मध्येच उठून उभे राहता कामा नये.

रामनगरच्या रामलीलेत आणि साऱ्या उत्तर हिंदुस्थानात केवटाचा प्रसंग मोठ्या प्रेमाने दाखवितात. शृंगवेरपुराजवळ श्रीराम गंगा ओलांडावयास आले, तेव्हा केवटाने त्यांचे पाय धुतल्यावाचून त्यांना नावेत घेतले नाही. आणि पैलतीरी सीतामाईने अंगठी पुढे केली तेव्हा ती घेतली नाही. लोकांत ही कथा सांगताना असेही म्हणतात, की आपण दोघे एकाच धंद्यातले, नदीकाठी मी तुम्हाला उतरविले, भवसागराच्या काठी तुम्ही मला उतरवा, असे तो म्हणाला. या कथेचा जयजयकार करणाऱ्यांपैकी किती जण घाटावरच्या निषादाशी नीट बोलतात? शेकड्यांनी दक्षिणा देण्याचा संकल्प करून आलेला यात्रिक नावेच्या भाड्यातील दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि वर अपशब्दही बोलतो. प्रसाद घेऊन बाहेर पडावे आणि दारातच तो सांडावा, त्यातलाच हा प्रकार. आपले विहित कर्म हेच फूल समजून जो परमेश्वराची पूजा करतो त्याला सिद्धी मिळते, असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे. पहाटेच्या थंडीत वल्हे मारणारा नावाडी ती पूजा करीत असतो. त्याच्या नावेत बसलेल्या माणसाने तिचा अवमान करू नये.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत काशी आणि गृहस्थाश्रम यांची गाठ दोन ठिकाणी पडलेली दिसते. परंपरेने सांगतात, की विठ्ठलपंत घर सोडून काशीस गेले आणि आपल्याला पत्नी आहे हे न सांगता त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले असता रुक्मिणीबाईंनी त्यांना वंदन केले, आणि खरी हकीकत उघड झाली. तेव्हा गुरूंनी काशीस परतून विठ्ठलपंतांना पुन्हा संसारात पाठविले. समाजाने त्या कुटुंबाचा केवढा छळ केला हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच संसारात निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही चार भावंडे जन्मली, आणि १२९० साली ज्ञानेश्वरीच्या रूपाने गीता मराठीत अवतरली. काशीच्या गुरूने शिष्याला काशीतून घरी धाडले, म्हणून मराठी माणसाच्या घरी गीता आली.

दुसरे श्रीएकनाथ महाराज. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका १५७३ साली, कार्तिक पौर्णिमेस, याच वाराणसीत पूर्ण केली. एवढे कार्य झाल्यावर ते काशीत राहिले असते तर कोण त्यांना नावे ठेवणार होते? परंतु ते पैठणास आपल्या घरी परतले, आणि गोदावरीच्या काठी अतिथी, पितर, शेजारी, अंत्यज या सर्वांची सेवा करीत गृहस्थ म्हणूनच राहिले. काशीची कावड रामेश्वराला नेत असता वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात त्यांनी गंगाजल घातले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पलीकडच्या तीरावर मरणाऱ्याला गाढवाचा जन्म येतो म्हणून भिणाऱ्यांनी ही कथा पुन्हा आठवावी. नाथांना त्या गाढवातच रामेश्वर दिसला.

तेव्हा काशीस जाणाऱ्या गृहस्थाने काय करावे? सवड असेल तर एक सकाळ व्यासकाशीसाठी राखून ठेवावी. भाडे अगोदर नीट ठरवावे आणि ठरले तेवढे आनंदाने द्यावे. नावेत झेपतील तेवढेच लोक बसावेत. उशीर होतो म्हणून भरल्या नावेत आणखी दोघांना ओढून घेणे यात्रा नव्हे, तो सर्वांच्या जिवाशी खेळ आहे. पावसाळ्यात गंगा चढते तेव्हा अधिकारी नावा बंद करतात. त्या दिवशी नावाड्याला अधिक पैशांचा लोभ दाखवून नाव सोडावयास लावू नये. ज्या जलाला माता म्हणावयाचे त्यात निर्माल्याच्या पिशव्या, कागद आणि उष्टे टाकू नये. नावेत बसल्यावर गप्पा आवराव्या, गीतेचा बारावा अध्याय मनातल्या मनात म्हणावा. तो अवघा वीस श्लोकांचा आहे, आणि गंगेच्या एका फेरीत अनेकदा म्हणून होतो.

व्यासांच्या देवळात पोहोचल्यावर पुष्कळ मागू नये. ज्याच्यावर आपला राग आहे अशा एकाच माणसाचे नाव मनात आणावे आणि तो राग तेथे, क्रोधाने काशी गमावलेल्या त्या महामुनीच्या पायांशी ठेवावा. परत येताना सकाळच्या उन्हात घाटांची सबंध ओळ समोर उजळलेली दिसते. व्यास रात्रंदिवस जिच्याकडे पाहत बसले ती हीच काशी. ती काठावर बसून दिसली नाही एवढी पलीकडून दिसते. आपले घरही असेच आहे. रागाच्या भरात त्याच्यापासून दूर गेल्याशिवाय त्याचे मोल पुष्कळांना कळत नाही. व्यासांना निदान अष्टमी आणि चतुर्दशी या दोन तिथी मिळाल्या. गृहस्थाला परमेश्वराने प्रत्येक संध्याकाळ दिली आहे.

म्हणून घरी आल्यावर रोज दिवेलागणीला, शुभंकरोती झाली की, त्याने घटकाभर बसावे आणि दिवसाचा झाडा घ्यावा. आज कोणाला तोडून बोललो? कोणाशी बोलायचे टाळले? ज्याचे नाव व्यासांच्या पायांशी ठेवून आलो, त्याला पत्र लिहिले काय? लिहिले नसेल तर उठून तेथल्या तेथे लिहावे. गंगाजलाचा गडू देवघरात ठेवलेला असतोच. तो फोडण्याचा मुहूर्त अंतकाळापर्यंत लांबविण्याची गरज नाही. रुसलेला भाऊ दारात आला, तर आधी त्याचे पाय धुवावयास पाणी द्यावे आणि गंगाजलाचा थेंब त्यात घालावा. मग त्याला जेवू घालावे, आणि काय विचारावयाचे ते त्यानंतर विचारावे. अन्नपूर्णेने घालून दिलेला क्रम हाच आहे.

जे काशीस गेले आहेत त्यांनी हे आठवावे. जे जाणार आहेत त्यांनी हे मनात धरून जावे. ज्यांना वय, प्रकृती किंवा परिस्थिती यांमुळे जाता येणार नाही त्यांनीही खंत करू नये. बाराव्या अध्यायातील नावाडी दूर कोठे बसलेला नाही. जो हाक मारील त्याच्या दाराशीच तो नाव लावतो, आणि भाडे म्हणून उतारूने आपला द्वेष तेवढा त्याच्या हवाली करावा, एवढीच त्याची अट आहे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥